स्पॅन कोणाचा: रंगाचा की भाषेचा?

म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्तावर मराठीत वेबपान लिहायला घ्या. डिचोली तालुक्यातल्या शिरगावची लईराई ही तिची बहीण, इथवर देवनागरीत सुरळीत चालतं. मग चर्चमधलं पोर्तुगीज नाव रोमन लिपीत येतं आणि पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर ते इंग्रजी समजून 'सेन्होरा' म्हणून मोकळं होतं. तेवढ्याच शब्दांभोवती स्पॅन हा एचटीएमएल टॅग घालून त्याच्या लँग या भाषा सांगणाऱ्या गुणधर्मात 'पीटी' लिहिलं, आणि पोर्तुगीज आवाज बसवलेला असला, की 'सेन्योरा' ऐकू येतं.

बहुतेकांना स्पॅन माहीत असतो तो शब्द लाल करण्यापुरता. त्याला स्वतःचा अर्थ नाही, रूप नाही. डिव्हसारखी तो ओळही मोडत नाही. पण तो जन्मला भाषेसाठीच, असं माझं ठाम मत आहे.

जानेवारी १९९७चा आरएफसी २०७० हा इंटरनेटचा तांत्रिक दस्तऐवज पाहा. यर्जो, निकोल, ॲडम्स आणि ड्युर्स्ट या चौघांनी एचटीएमएल जगातल्या सगळ्या भाषांना खुलं करायला तो लिहिला. दुसरा कुठलाही टॅग योग्य नसेल तिथे भाषा आणि लेखनाची दिशा सांगता यावी, म्हणून त्यात स्पॅन आणला आहे.

स्पॅन रंगरूपासाठीच आला म्हणणारे रंगवाले इथे तारीख पुढे करतात. पानाचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली आवृत्ती १७ डिसेंबर १९९६ची, आणि तिच्यात स्पॅन आहेच! बरोबर. पण मग मार्च १९९५पर्यंत मागे चला. डेव्ह रॅगेटच्या एचटीएमएल ३.०च्या मसुद्यात 'लँग' नावाचा चक्क एक टॅग होता, आणि दुसरा टॅग शोभत नसेल तिथे भाषा बदलणं एवढंच त्याचं काम. मसुदा बारगळला, टॅग गेला. तेच काम, जवळपास त्याच अटीसह, पुढे स्पॅनकडे दिसतं. हा योगायोग मला पटत नाही. रंगवाल्यांनी स्पॅन घरोघरी पोचवला, हे श्रेय मात्र त्यांचंच. डिसेंबर १९९७मध्ये एचटीएमएल ४.०ने दोन्ही कामांवर शिक्का मारला.

आपल्याला याचा उपयोग उच्चारापुरताच नाही. मराठी वळणाचे ल आणि श हिंदीहून वेगळे. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं आहेत, तो लँग पाहूनच त्यातलं एक निवडतो. तेव्हा म्हापसा-पेडण्यावर लिहिणाऱ्यांनो, पानाच्या मुळाशी 'एमआर' लिहा, आणि मध्ये कोंकणी वाक्य आलं तर त्याच्या स्पॅनवर 'केओके' लिहायला विसरू नका.