आईला सर्दी, मग बाळाला पाजावं का? एका जुन्या शंकेचा इतिहास

"डॉक्टर, मला सर्दी झालीय. बाळाला अंगावर पाजू की दोन दिवस पावडरचं दूध देऊ?" खराडीत पाऊस सुरू झाला की हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. उत्तर आधीच सांगून टाकतो: पाजा, थांबवू नका. पण घरात सासूबाई किंवा आई "तुझं दूध थंड पडलंय, बाळाला कफ होईल" असं म्हणत असतील, तर माझं एका शब्दाचं उत्तर तुम्हाला घरी पुरत नाही, हे मला माहीत आहे. शिवाय त्यांचं म्हणणं उगाच कुठून आलेलं नाही. त्यामागे फार जुना विचार आहे.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात धात्रीची, म्हणजे बाळाला दूध पाजणाऱ्या दाईची चर्चा आहे. भुकेली, शोकात असलेली, थकलेली, गर्भवती, ताप आलेली अशा स्त्रीचं दूध बाळाला देऊ नये, असं तिथे सांगितलं आहे. चरकसंहितेत दुधाचे दोष मोजले आहेत, ते वात, पित्त, कफ यांच्याशी जोडले आहेत आणि चांगलं दूध पाण्यात टाकलं की एकजीव होतं, अशी परीक्षाही दिली आहे. त्या वैद्यांचं निरीक्षण चुकीचं नव्हतं. पाजणारी आजारी पडली की मागोमाग बाळ आजारी पडतं, हे त्यांनी पाहिलं होतं. विषाणू दिसत नव्हता, दूध दिसत होतं. दोष दुधाकडे गेला.

मात्र एक फरक लक्षात घ्या. सुश्रुतातली ती चर्चा दाईची आहे. एक दाई आजारी पडली तर दुसरी आणता येत असे. आपल्या घरांमध्ये तोच नियम आईला लावला गेला, आणि आईच्या जागी आलं पाणी घातलेलं गाईचं किंवा शेळीचं दूध, बोंडल्यानं पाजलेलं. पुढे डब्यातली पावडर आली. सर्दीपासून वाचवायला गेलेल्या बाळाला त्या भांड्यातून जुलाब लागत. तान्ह्या बाळाला जुलाब हे साध्या सर्दीपेक्षा कितीतरी धोक्याचे.

दुधातून नक्की काय जातं, याचा पहिला पक्का पुरावा १८९२ साली जर्मनीत पॉल एर्लिश यांनी दिला. त्यांनी वापरलेली दोन विषं आपल्या ओळखीच्या झाडांची होती: गुंज आणि एरंड. या बियांचं विष अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून, हळूहळू वाढवत त्यांनी उंदरांना दिलं. काही काळानं त्या उंदरांना ते विष बाधेनासं झालं. मग त्यांनी पिल्लांची अदलाबदल केली. विषाला न बधणाऱ्या मादीला दुसरीची पिल्लं पाजायला दिली, आणि तिचं दूध प्यायलेल्या त्या परक्या पिल्लांनाही संरक्षण मिळालं. थोडक्यात, उंदरांची धात्री! ते संरक्षण पिल्लांना जन्मानं मिळालेलं नव्हतं, दुधातून आलं होतं.

पण ही गोष्ट प्रयोगशाळेतून घराघरांत पोहोचायला फार वेळ लागला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसं गेली, आणि भारतात या साथीत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे मृत्यू जास्त झाले. त्या वेळी हा आजार कशानं होतो हेसुद्धा ठाऊक नव्हतं. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली सापडला.

नंतरच्या दोन शोधांनी आपल्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण केलं. १९६१ साली स्वीडनच्या लार्स हॅन्सन यांनी आईच्या दुधातल्या एका खास प्रकारच्या प्रतिपिंडांचं वर्णन केलं. आई ज्या जंतूंशी लढते आहे, त्यांच्याविरुद्धचे हे प्रतिपिंड दुधात उतरतात आणि बाळाच्या घशाला, आतड्याला आतून लेप दिल्यासारखे चिकटून राहतात. दुसरा शोध सर्दीच्या वाटेचा. १९७३ साली अमेरिकेत व्हर्जिनियातल्या डॉक्टरांनी दाखवलं की सर्दीचा विषाणू बोटांवरून नाकाडोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणजे बाळाला सर्दी होते ती तुमच्या हातांमुळे, शिंकेमुळे आणि गालाचा पापा घेण्यामुळे. आणि नाक वाहायला लागण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तुम्ही विषाणू पसरवत असता. तुम्हाला पहिली शिंक येते तेव्हा बाळाची त्या विषाणूशी गाठ बहुधा पडलेलीच असते. अशा वेळी दूध थांबवलं, तर विषाणू बाळाकडे राहतो आणि प्रतिपिंड तेवढे बंद होतात.

पुणेकरांनी या ज्ञानाची परीक्षा दोनदा पाहिली आहे. ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा आणि तोंडाला रुमाल बांधलेलं शहर तुम्हाला आठवत असेल. तेव्हा अमेरिकेतून आलेला सल्ला असा होता की आजारी आईला नवजात बाळापासून काही काळ दूर ठेवा, पण तिचं दूध काढून निरोगी माणसाकरवी बाळाला द्या. माणूस दूर ठेवला होता, दूध नाही!

मग मार्च २०२० आला. महाराष्ट्रातले करोनाचे पहिले रुग्ण पुन्हा पुण्यातच सापडले. सुरुवातीला चीनमधल्या तज्ज्ञांनी बाधित आईपासून बाळ चौदा दिवस वेगळं ठेवायला आणि अंगावर न पाजायला सांगितलं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही आधी वेगळं ठेवण्याचाच सल्ला दिला आणि जुलैमध्ये तो बदलला. जागतिक आरोग्य संघटना मात्र मास्क लावा, हात धुवा आणि पाजा, असंच सांगत राहिली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मे महिन्यापर्यंत बाधित मातांची शंभराहून अधिक बाळं जन्मली होती आणि तिथल्या आया मास्क लावून पाजत होत्या. हे तेच रुग्णालय, जिथे १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. त्याच उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधल्या ११६ बाधित मातांच्या १२० बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आया मास्क लावून, हात धुऊन पाजत होत्या. पहिल्या चोवीस तासांतल्या तपासणीत एकही बाळ बाधित निघालं नाही. आपल्या ससूनमध्ये आईकडून बाळाला संसर्ग झाल्याची एक घटना त्या वर्षी नोंदली गेली खरी, पण तो संसर्ग गर्भात असताना वारेतून झाला होता, दुधातून नव्हे.

जे करोनात चाललं, ते साध्या पडशात न चालण्याचं कारण मला दिसत नाही. पाजण्यापूर्वी साबणानं हात धुवा, मास्क लावा, पापे आठवडाभर राहू द्या. ताप असला तरी पाजायला हरकत नाही. अंगात त्राण नसेल तर दूध वाटीत काढा आणि आजीला चमच्यानं पाजू द्या. सासूबाईंचा गरम पाण्याचा आणि विश्रांतीचा आग्रह मात्र जरूर ऐका.

सांभाळायचं आहे ते मेडिकलमधून स्वतःच आणलेल्या सर्दीच्या गोळीला. पॅरासिटामॉल चालतं. पण नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत सुडोएफेड्रिन असतं. ऑस्ट्रेलियातल्या २००३ च्या एका छोट्या अभ्यासात आठ आयांना त्याची ६० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिली, तर चोवीस तासांतलं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं. गुंगी आणणाऱ्या सर्दीच्या औषधांनी बाळही सुस्त होऊ शकतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध तर घेऊच नका. वाफ, मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब आणि तीन-चार दिवस धीर, यावर बहुतेकींचं भागतं.

बाळाला सर्दी झालीच, तर नाक चोंदल्यामुळे ते थोडं थोडं पिईल, वारंवार पाजा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, श्वास जोरात चालला, आपण म्हणतो तसं पोट उडायला लागलं किंवा बाळानं दूध ओढणंच सोडलं, तर फोनवर विचारत बसू नका. त्याच वेळी बाळाला घेऊन दवाखान्यात या, रात्र असली तर जवळच्या मुलांच्या रुग्णालयात जा.