रात्री जेवायला काय? रत्नागिरीच्या चुलीपासून गिरणगावच्या खाणावळीपर्यंत

(एपिसोडचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलतानाची भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



संध्याकाळी आठच्या सुमारास फोन उघडला की स्टेटसवर ताटांची रांग लागलेली असते. कुणाकडे बांगड्याचं तिखलं, कुणाकडे डाळिंब्यांची उसळ, कुणाकडे नुसता मऊ भात आणि मेतकूट. फोटो टाकणारी म्हणते, हे बघा, आज मी हे केलं. साधी गोष्ट आहे, पण इतिहासाच्या अंगाने बघितलं तर नवीन आहे. रात्रीचं जेवण कुणी केलं, याची नोंद ठेवायची आपल्याकडे पद्धतच नव्हती.

आजचा एपिसोड अशा बायकांबद्दल आहे, ज्यांनी स्वतःच्या घरच्या चुलीवर दहा-वीस परक्या माणसांचा स्वयंपाक केला. रोज केला, वर्षानुवर्षं केला. मुंबईच्या कापड गिरण्या कुणी चालवल्या, असं विचारलं की आपण मालकांची नावं घेतो, कामगारांची घेतो, पुढाऱ्यांची घेतो. त्या कामगारांना जेवायला कोण घालत होतं, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. आज आपण तेच विचारूया.

आधी रत्नागिरी

जुना रत्नागिरी जिल्हा डोळ्यांसमोर आणा. आजचा सिंधुदुर्गही त्यातच होता, तो वेगळा झाला 1 मे 1981 ला. एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जांभ्याचे कातळ आणि डोंगरउताराची जमीन. भात पिकायचा तो खाचरात, आणि वरकस जमिनीवर नाचणी, वरी. त्यात खोती. म्हणजे कसणारा वेगळा आणि पिकातला मोठा वाटा घेणारा खोत वेगळा. खोती रद्द करणारा कायदा आला 1949 मध्ये. तोपर्यंत कितीतरी घरांत वर्षाचं धान्य वर्षभर पुरत नसे.

मग लोकांनी काय केलं? मुंबई गाठली. 1854 मध्ये मुंबईत पहिल्या कापड गिरणीची उभारणी सुरू झाली, पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि कोकणातून बोटी भरभरून माणसं जायला लागली. 1911 च्या जनगणनेत मुंबईतल्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. निम्मे! घाटावरून आणि उत्तरेतून माणसं यायला लागल्यावर हे प्रमाण उतरलं, तरी 1931 मध्येही ते चौथ्या हिश्श्याच्या आसपास होतं.

आणि ही माणसं म्हणजे बहुतेक पुरुष. बायको, आई, मुलं गावाला. शेती कोण बघणार? म्हातारी माणसं कोण सांभाळणार? त्यामुळे मुंबईत जवळजवळ दोन पुरुषांमागे एक बाई, आणि रत्नागिरीत पुरुषांपेक्षा बायका जास्त. ही गोष्ट जुनी झाली असं समजू नका. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 बायका आहेत.

आता जेवणाच्या बाजूने बघा. गावात रात्री चुलीवर पेज किंवा भात, सोबत कुळथाची पिठी. हाताशी असेल तर सुकट, नाहीतर तोंडी लावायला मिरची. मुंबईहून मनीऑर्डर आली की त्यात थोडी भर पडायची. आणि मुंबईला कुणी निघालं की त्याच्या हाती गाठोडं जायचं. कुळथाचं पीठ, सोडे, सुकट, आमसुलं, फणसपोळी, आंबापोळी. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून जे पाठवायचं ते त्याआधी. गावातली बाई आपल्या हातचं जेवण नवऱ्यापर्यंत पोचवू शकत नव्हती, पण जेवणाचं सामान पाठवू शकत होती. ते रांधायला मुंबईत दुसरी कुणीतरी बाई लागायची.

एक खोली, तीन पाळ्या

परळ, लालबाग, शिवडी, नायगाव, वरळी, चिंचपोकळी. हे आपलं गिरणगाव. इथल्या चाळींत गावागावाच्या खोल्या होत्या, त्यांना 'गाळा' म्हणत. गोवेकरांची कूड असायची, तसाच हा प्रकार. एका गावची वीस-पंचवीस माणसं मिळून एक खोली भाड्याने घेणार. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी. सगळे एका वेळी झोपायला मावणार नाहीत, पण तशी वेळ यायचीच नाही, कारण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. सकाळी सात ते दुपारी साडेतीन, साडेतीन ते रात्री बारा आणि बारा ते सकाळी सात. एकजण उठून गेला की दुसरा त्याच जागी आडवा.

झोपायची सोय झाली. पण जेवायचं काय? बारा तास बाहेर असलेला माणूस स्वतः रांधत बसणार कधी? हॉटेलात रोज दोन वेळा जेवणं परवडायचं नाही. मग चाळीतलीच, बऱ्याचदा गावातली किंवा नात्यातली एखादी काकी, मावशी, वहिनी जेवण घालायची. हीच खाणावळ. पाटी नाही, टेबल नाही, गल्ला नाही. एक दहा बाय बाराची खोली, तिच्यात तिचा संसार आणि भिंतीला पाठ लावून जेवायला बसलेली माणसं. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी.

पाळ्यांचं वेळापत्रक परत एकदा बघा. पहिल्या पाळीचा माणूस संध्याकाळी जेवणार. तिसऱ्या पाळीचा रात्री निघायच्या आधी जेवणार. दुसऱ्या पाळीचा रात्री बारानंतर येणार, त्याचं ताट झाकून ठेवायचं किंवा परत चूल पेटवायची. आणि सकाळी सातच्या आत पहिल्या पाळीचा डबा तयार पाहिजे. म्हणजे गिरणीतला माणूस एका पाळीत काम करायचा आणि त्याला जेवू घालणारी बाई तिन्ही पाळ्यांत.

ताटही ज्याच्या त्याच्या मुलखाप्रमाणे. घाटावरच्या खाणावळीत भाकरी आणि झणझणीत आमटी, कोकणी खाणावळीत भात आणि मासे. कुळथाची पिठी अशा वेळी फार कामाची. पीठ पाण्यात कालवायचं, लसूण-मिरचीची फोडणी, दोन आमसुलं, एक कढ. भात तयार असेल तर काही मिनिटांत माणूस जेवायला बसू शकतो. दापोली-राजापूरकडच्या पोराला रात्री साडेबारा वाजता परळमध्ये गावची चव मिळण्यामागे ही एवढी व्यवस्था होती.

कुणाच्या हातचं?

हा सगळा प्रकार गोड करून सांगायचा मोह होतो. तर थांबूया. 'गावची खोली, गावची खाणावळ' यात आपलेपणा होता, पण त्या आपलेपणाला जातीची भिंतही होती. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या शेजारी बसून खायचं, हे ठरलेलं होतं. गिरणीत तर याचा थेट पगाराशी संबंध होता. विणकाम खात्यात धोट्यातलं सूत तोंडाने ओढावं लागायचं. उष्टं होईल म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात घेत नसत, आणि पगार चांगला मिळायचा तो तिथेच. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न जोरात मांडला. त्यांचं मूळ गाव आंबडवे, जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातलंच.

तिकडे रत्नागिरी शहरात 1930 नंतर सावरकरांच्या पुढाकाराने सहभोजनं झाली. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं पतितपावन मंदिर 1931 मध्ये सगळ्या जातींना खुलं झालं. शेजारी बसून जेवणं हा तेव्हा जाहीर कार्यक्रम करावा लागत होता, त्याच्या बातम्या होत होत्या. यावरूनच घराघरांतल्या रोजच्या पंगतीची अवस्था लक्षात येते.

उधारीचं गणित

आता पैशाकडे येऊ. कारण खरी गोष्ट इथे आहे.

या बायका खाणावळीकडे का वळल्या? 1920 च्या दशकात गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. पुढे रात्रपाळीची बंदी, यंत्रांची फेररचना आणि 1929 च्या प्रसूती लाभ कायद्यानंतर बायकांना कामावर ठेवायला मालकांनी केलेली टाळाटाळ, या सगळ्यात त्यांची संख्या घसरत गेली. ज्यांची नोकरी गेली, ज्यांचा नवरा आजारी पडला किंवा वारला, ज्यांच्या घरी एका पगारात भागत नव्हतं, त्यांच्या हातात एक कौशल्य उरलं होतं. स्वयंपाक.

पण पगार होणार महिन्यातून एकदा, आणि तांदूळ, तेल, रॉकेल लागणार रोज. मग वाण्याकडे उधारी. वाणी उधारीवर देणार म्हणजे चढ्या भावाने देणार. तेवढ्याने भागलं नाही तर सावकार, आणि गहाण काय ठेवणार? मंगळसूत्र, भांडी. महिनाअखेरीला जेवणाऱ्याने पैसे दिले तर ठीक. तो न सांगता गावाला निघून गेला तर ते पैसे बुडाले. म्हणजे बघा, कामगाराला महिनाभर जेवण उधार मिळत होतं आणि त्या उधारीचं व्याज ती बाई भरत होती.

आणि संप झाला की? पगार बंद होतो, भूक बंद होत नाही. 1974 च्या सुरुवातीला गिरणी कामगारांचा सुमारे दीड महिन्याचा संप झाला. तेव्हा महागाईने आधीच कहर केला होता. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासारख्या नेत्या लाटणी घेऊन मोर्चे काढत होत्या, तो हाच काळ. या संपात खाणावळवाल्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं. संपाचं श्रेय युनियनला मिळालं. कर्ज मात्र या बायकांच्या डोक्यावर राहिलं.

1975: बँकेच्या दारात

हे कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. ते आलं प्रेमा पुरव यांच्या. मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या आणि मुंबईत गिरणी कामगारांमध्ये काम करणाऱ्या. त्यांचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेचे नेते. 1975 मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, प्रेमाताईंनी खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू केलं.

त्यांचा मुद्दा सरळ होता. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, ते गरिबांना कर्ज मिळावं असं सांगूनच. 1972 पासून दुर्बल घटकांसाठी 4 टक्के व्याजाची योजनाही होती. मग दहा-वीस माणसांची खाणावळ चालवणाऱ्या बाईला सावकाराकडे का जावं लागतं? अडचण अशी की बँकेला तारण लागतं, सही लागते, धंद्याचा पत्ता लागतो. या बायकांचा धंदा होता घरातल्या चुलीवर. बहुतेकींना सही येत नव्हती. मंडळाने त्यांचे गट केले, एकीला दुसरी जामीन राहिली, आणि राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्जं मिळाली. मंडळाचं काम पुढे बरंच वाढलं आणि 2002 मध्ये प्रेमा पुरव यांना पद्मश्री मिळाली.

मला यातली कर्जाची रक्कम तितकी महत्त्वाची वाटत नाही. अर्जावर 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. तिथे 'खाणावळ' असा शब्द लिहिला गेला, ते महत्त्वाचं. तोपर्यंत ती कुणाची तरी काकी होती, जी 'जेवण घालते'. आता ती धंदा करणारी बाई झाली.

याच्या पाचच वर्षं आधी, 1970 मध्ये, कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि मराठी घरांत पोचलं. वाटी-चमच्याच्या मापाने पदार्थ समजावणारं ते पुस्तक आजही लोक वापरतात. पुस्तकाने मराठी स्वयंपाकाची कृती कागदावर आणली. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं कष्टाचं मोल कागदावर आणायला बँकेचा अर्ज लागला.

18 जानेवारी 1982

या दिवशी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. हा संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. महिने गेले, वर्ष गेलं. हजारो माणसं ट्रंका घेऊन गावाकडे परतली, त्यातली कितीतरी रत्नागिरी-सिंधुदुर्गातली.

कामगार गेला म्हणजे खाणावळीचं गिऱ्हाईक गेलं, आणि त्याच्याबरोबर मागची उधारीही गेली. गिरणी कामगारांच्या घरांसाठी पुढे मोर्चे निघाले, सोडती निघाल्या, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण खाणावळवाली कुठल्याच गिरणीच्या मस्टरवर नव्हती. त्यामुळे भरपाईच्या कुठल्याच यादीत ती बसत नव्हती. काहीजणी डबे द्यायला लागल्या, काहींनी पोळी-भाजीची कामं धरली, काही दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाकाला गेल्या. हाताचं कौशल्य तेच, पण आता स्वतःच्या चुलीऐवजी दुसऱ्याच्या गॅसवर.

आणि आज

आज रत्नागिरीपासून गणपतीपुळ्यापर्यंत गाडीने गेलात तर रस्त्याला ठिकठिकाणी 'घरगुती जेवण मिळेल' अशी पाटी दिसते. आत बघा, बहुतेक ठिकाणी रांधणारी घरातलीच बाई असते. शहरात त्यालाच 'होम शेफ' म्हणतात आणि ऑर्डर ॲपवर येते. पाटी आली, नाव आलं, फोटो आला. चांगलं झालं. पण जुने प्रश्न जिथल्या तिथे आहेत. सामानाचे पैसे आधी कोण घालतं? पैसे उशिरा आले तर नुकसान कुणाचं? ती दिवसातून किती तास उभी असते, आणि ते तास कुणी मोजतं का?

तुमच्यापैकी अनेकांच्या घरात एक तरी आजी, मोठी आई किंवा आत्या असेल, जिने मुंबईत माणसांना जेवू घातलंय, किंवा गावाहून गाठोडी बांधून पाठवलीत. या वेळी गणपतीला गावी जाल तेव्हा तिच्याजवळ बसा आणि फोनवर रेकॉर्डिंग चालू करा. पदार्थाची कृती विचाराच, पण तिथेच थांबू नका. किती माणसं जेवायला असायची? महिन्याचे किती घ्यायची? तांदूळ कुठून आणायची, कोण पैसे बुडवून गेलं, संपात काय केलं? हिशोब विचारा. हा हिशोब बहुतेक घरांत वहीत लिहिलेला नाही, तो तिच्या डोक्यात आहे.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोपर्यंत, जेवून घ्या!