मुक्या तबकड्या

पेशवे दप्तराचे रुमाल सुरक्षित आहेत. पण मोडी वाचणारा नसेल तर ते मुकेच होत. ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांतही हाच न्याय लागू पडतो.

श्रोत्याभोंवतीं चार ध्वनिक्षेपक मांडून संगीत ऐकविण्याचा उद्योग १९७० च्या सुमारास अमेरिकेंत व जपानांत सुरू झाला. परंतु परस्परांशीं न जुळणाऱ्या पद्धतींच्या कलहांत तो दशक संपण्यापूर्वींच निमाला. पुढें १९९९ सालीं सोनी व फिलिप्स यांनीं सुपर ऑडिओ सीडी काढली. तींत नादाचे सहा प्रवाह मावत. प्रत्येकाचें मापन सेकंदास २८,२२,४०० वेळां होई. जुनीं चौफेरी मुद्रणेंही तीवर पुन्हां अवतरलीं. मात्र नक्कल होऊं नये म्हणून तिला असें कुलूप घातलें कीं, संगणकाच्या साध्या यंत्रास तो थर वाचतांच येऊं नये.

तें उघडलें एका खेळण्यानें! सोनीच्याच प्लेस्टेशन ३ या खेळयंत्राच्या, २००६ पासून निघालेल्या, आरंभींच्या आवृत्त्या ही तबकडी वाचीत. २०११ च्या सुमारास हौशी मंडळींनीं त्यांच्या द्वारें मूळ नाद संगणकावर उतरविला. तो फ्लॅक रूपांत पालटला कीं, घरच्या सहा ध्वनिक्षेपकांवर ऐकतां येतो. या पालटांत मूळ मांडणी बदलते. म्हणून पहिली प्रतही राखावी.

अमेरिकेचा १९९८ चा कायदा असें कुलूप फोडण्यास मना करतो, आणि नकला विकणें हा अपराध खराच. परंतु वाजविणारें यंत्रच दुर्मिळ झाल्यावर, दाम मोजून घेतलेली तबकडी मुकी होऊं द्यावी काय? कुलूप घालणाऱ्यानें किल्ली चिरकाल टिकेल अशी हमी कोठेंच दिलेली नाहीं.