आई-बाबांना कायमचं अमेरिकेला न्यायचंय? पेण-रोह्याच्या घराला कुलूप लावण्याआधी हे वाचा

मुलगा न्यू जर्सीत, आई-बाबा पेणला किंवा रोह्याला. 'आता इकडेच या' म्हणणं सोपं आहे, पण नियम काय सांगतात?

ग्रीन कार्ड कसं मिळतं?
अमेरिकेचं नागरिकत्व असलेला, किमान २१ वर्षांचा मुलगा किंवा मुलगीच आई-वडिलांसाठी अर्ज करू शकते. तुमच्याकडे नुसतं ग्रीन कार्ड असेल तर नाही.

उपचारांचं काय?
मेडिकेअर ६५ नंतर मिळतं. पण तिथे नोकरी न केलेल्या पालकांना ते विकत घ्यायलाही आधी सलग ५ वर्षं कायम रहिवासी म्हणून राहावं लागतं. तोवर वेगळा विमा हवा.

शेती, बँक, पेन्शन?
एनआरआय झाल्यावरही भातशेती नावावर राहते. नवी शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही आणि असलेली भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. बचत खातं एनआरओ करावं लागतं. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतोच.

तिथे करमलं नाही तर?
गणपतीला आले आणि पूर्वपरवानगीशिवाय वर्षाहून जास्त इथेच राहिले, तर ग्रीन कार्ड गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून आधी व्हिजिटर व्हिसावर एक हिवाळा तिथे काढू द्या. मग निर्णय आई-बाबांनाच विचारा.