१८ ऑक्टोबर २०१८ : आजीच्या गर्भाशयातून नात

पुण्यातल्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात या दिवशी एक मुलगी जन्मली. मुदतीआधी, सिझेरियनने, वजन अवघे १,४५० ग्रॅम. प्रत्यारोपित गर्भाशयातून जन्मलेले भारतातले हे पहिले मूल.

तिची आई गुजरातहून आली होती. वारंवार गर्भ गमावल्यावर गर्भाशयच निकामी झालेले. मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने बाळाच्या आजीचे गर्भाशय दुर्बिणीद्वारे काढून लेकीच्या पोटात बसवले. जे गर्भाशय लेकीला नऊ महिने सांभाळून निवृत्त झाले होते, तेच नातीसाठी पुन्हा कामाला लागले! आजीच्या मायेचा याहून थेट पुरावा कोणता?

गर्भ मात्र आयव्हीएफनेच तयार करावा लागतो. प्रत्यारोपणात गर्भनलिका जोडलेल्या नसतात, म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेला भ्रूण गर्भाशयात सोडतात. रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू नाही. त्यामुळे प्रसूतीच्या कळा नेहमीसारख्या जाणवत नाहीत आणि सिझेरियन करावेच लागते.

जगात असे पहिले बाळ २०१४ मध्ये स्वीडनमध्ये, डॉ. मॅट्स ब्रेनस्ट्रोम यांच्या प्रयत्नांतून जन्मले. पुण्याने चार वर्षांत ती मजल गाठली, हे खरोखर अभिमानास्पद.

गर्भाशय नसलेल्या स्त्रीला एरवी सरोगसीचाच आधार. २०२१ च्या कायद्याने मोबदला देऊन होणारी सरोगसी बंद केली. प्रत्यारोपणही सोपे नाही: शरीराने अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि एक-दोन मुले झाल्यावर ते गर्भाशय सहसा काढून टाकतात.