तबकडीसोबत सुईही हवी

जर्मनीतलं हॅनोव्हर शहर आपल्या घरातल्या गाण्याच्या इतिहासात दोनदा येतं, आणि दोन्ही वेळा तबकडीमुळेच येतं.

एमिल बर्लिनर मूळचा तिथला. अमेरिकेत जाऊन त्यानं १८८७ मध्ये ग्रामोफोनचं पेटंट घेतलं. त्याच्या दहा वर्षं आधी एडिसनचं यंत्र आलं होतं, पण ते नळकांड्यावर आवाज कोरायचं. बर्लिनरनं सपाट तबकडी आणली. एका साच्यावरून हव्या तेवढ्या तबकड्या छापता येतात, हा तिचा मोठा गुण. १८९८ मध्ये बर्लिनर भावांनी हॅनोव्हरला तबकड्यांचा कारखाना उभा केला. पुढं १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गेसबर्गनं कलकत्त्यात गौहर जानचं गाणं भोंग्यासमोर बसवून मुद्रित केलं, ते छापायला याच कारखान्यात गेलं. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. ऐकणाऱ्याला गंमत वाटते. पण ते नाव तिकडच्या कारागिरांसाठी होतं. आपली भाषा न कळणाऱ्या माणसांनी हा आवाज कुणाचा ते ओळखून चिठ्ठी बरोबर लावावी, म्हणून.

दुसरी वेळ ऐंशी वर्षांनंतरची. हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेनच्या कारखान्यात १९८२ च्या ऑगस्टमध्ये सीडी छापायला सुरुवात झाली. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून तिचं माप आणि नियम १९८० मध्येच ठरवले होते. १९८२ च्या ऑक्टोबरात जपानात सोनीचा पहिला सीडी प्लेअर विक्रीला आला, किंमत १ लाख ६८ हजार येन. तेव्हा ते श्रीमंतांचं खेळणं होतं. आता तेच यंत्र जुन्या बाजारात गंजक्या पंख्यांच्या शेजारी पडलेलं दिसतं. हा लेख त्या पडलेल्या यंत्रासाठी आहे.

मधल्या ऐंशी वर्षांत आपल्याकडं काय झालं, ते थोडं बघू या. जुनी तबकडी लाखेची. लाख किड्यांपासून येते, हे जैन घरातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. मिनिटाला ७८ फेरे आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्यांनी तो तीन मिनिटांत बसवला. ही तबकडी फुटायची, झिजायची, पण एक मोठं काम करून गेली. ज्या बायकांना मैफलीला जाऊन बसायची सोय नव्हती, त्यांच्या माजघरापर्यंत गाणं आलं. आणि गाणाऱ्याही बायकाच होत्या की! हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या ‘गांधारी’ या नावानं निघाल्या. हिराबाई बडोदेकरांचा आवाज त्यांना कधी न पाहिलेल्या घरांनी ओळखला. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले आली, एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. १९६३ मध्ये फिलिप्सनं कॅसेट आणली, आणि आपल्यासारख्यांच्या हातात पहिल्यांदा मुद्रण आलं. ऐकणारी बाई आता आवाज साठवूही लागली.

आमच्या बेळगावकडच्या जैन घरांत या साठवणीची दोन कपाटं निघतात. एक दिसतं, दुसरं दिसत नाही. दिसतं त्यात नाट्यसंगीत, भक्तामर, चातुर्मासातली प्रवचनं, सगळं ओळीनं लावलेलं. न दिसणारं म्हणजे पलंगाखालचा बिस्किटांचा डबा. त्यात घरी भरलेल्या सीडी असतात. २००० नंतरच्या दहा वर्षांत कुणाच्या तरी भाच्यानं कॅसेटी संगणकावर चढवून त्या सीडींवर उतरवल्या. वर शाईनं लिहिलेलं : ‘हळद, ताईचं लग्न’, ‘आक्कांची गाणी’, ‘पाळणा’. अर्धी ओळ मराठी, अर्धी कन्नड. ही गाणी कुठल्या कंपनीनं काढलेली नाहीत आणि काढणारही नाही. मूळ कॅसेट बहुतेक घरांत फेकून दिलेली असते. म्हणजे त्या बाईचा आवाज जगात एकाच जागी उरला, त्या डब्यात.

आणि घरात आता सीडी वाजवायला काही नाही. नव्या लॅपटॉपला खाच नाही, नव्या गाडीत नाही, फोनचा तर प्रश्नच नाही.

इथं मला केसरबाई केरकरांची तबकडी आठवते. केसरबाई गोव्यातल्या केरीच्या. १९७७ मध्ये अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे, आणि तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. यानं गेली ऑगस्ट-सप्टेंबरात. त्याच सप्टेंबरात केसरबाईही गेल्या. ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. पण पाठवणाऱ्यांनी आणखी एक शहाणपण केलं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही. तबकडीसोबत त्यांनी सुईही पाठवली. वेष्टनावर चित्रं काढून दाखवलं की सुई कुठं ठेवायची आणि तबकडी किती वेगानं फिरवायची. मिळेल त्याला वाजवता आली नाही तर तबकडी म्हणजे नुसती थाळी, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. आपण थाळ्या जपल्या, सुई मोडीत घातली.

तर आता सुई आणायची कशी, आणि स्वस्तात कशी?

आधी यंत्र काय करतं ते समजून घेऊ. सीडीवर आवाज आकड्यांत लिहिलेला असतो. सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं माप घेतलेलं, डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळं. हे आकडे सूक्ष्म खाचांच्या रूपात एका नागमोडी वाटेवर बसवलेले असतात. ही वाट आतून बाहेर जाते. सरळ केली तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. लेसरचा किरण ती वाचतो. आत वाचताना तबकडी मिनिटाला ५०० च्या आसपास फेरे घेते, कडेला पोचेपर्यंत २०० वर येते. वाचलेल्या आकड्यांचा पुन्हा आवाज करायचा, हे दुसरं काम.

प्लेअरमध्ये दोन्ही कामं एकाच डब्यात होतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हौशी लोकांनी ती वेगळी काढली. तबकडी फिरवून आकडे वाचतो तो ‘ट्रान्सपोर्ट’, आणि आकड्यांचा आवाज करतो तो ‘डॅक’. मंदिरातलं शास्त्रवाचन डोळ्यांपुढं आणा. एकजण पोथीतली ओळ वाचतो, पंडितजी अर्थ सांगतात. वाचणाऱ्यानं अक्षर गाळू नये, चुकीचं वाचू नये, एवढंच त्याचं काम. त्याच्यापुढं चांदीचा ठवणा ठेवला म्हणून ओळीचा अर्थ बदलत नाही.

हे ध्यानात आलं की निम्मा खर्च वाचतो. कारण सीडीच्या नियमांतच चूक सुधारायची सोय बसवलेली आहे. रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली ती युक्ती. आकडे सरळ ओळीत न लिहिता विखरून लिहायचे आणि सोबत पडताळ्याचे जादा आकडे ठेवायचे. त्यामुळं वाटेवरचे दोन-अडीच मिलिमीटर पुसले गेले तरी यंत्र हरवलेले आकडे हिशेबानं परत काढतं, अगदी जसेच्या तसे. म्हणजे तबकडी ठीक असेल आणि भिंग स्वच्छ असेल, तर स्वस्त यंत्र आणि महाग यंत्र एकच आकडे पुढं देतात. आकडे पोचवण्याचा ताल थोडा मागंपुढं होतो, तो आजचे बहुतेक चांगले डॅक स्वतःच सावरून घेतात. पैसे थोडेच असतील तर ते आधी स्पीकरवर घालावेत, मग डॅकवर, आणि सगळ्यात शेवटी तबकडी फिरवणाऱ्या डब्यावर.

म्हणून माझं सांगणं : नवा ट्रान्सपोर्ट बघायच्या आधी नातेवाइकांच्या माळ्यावर बघा. जुना डीव्हीडी प्लेअर हा गरिबाचा ट्रान्सपोर्ट आहे. १९९६ नंतर डीव्हीडी आली, घरोघरी ते चपटे डबे झाले आणि पंधरा वर्षांत माळ्यावर गेले. ते सीडीही वाचतात. मी घेतला तो भंगाराच्या दुकानात ३०० रुपयांना मिळाला, रिमोटसकट.

घेताना बघायच्या गोष्टी मोजक्या. मागं ‘कोअॅक्सियल’ किंवा ‘ऑप्टिकल’ लिहिलेलं भोक आहे का ते पाहावं. तिथून आकडे डॅककडं जातात. सोनी आणि फिलिप्सनीच ठरवलेली ती रीत. त्याशेजारची लाल-पांढरी भोकं आवाजाची. डॅक घ्यायचा नसेल तर तीच थेट अॅम्प्लिफायरला जोडून भागतं. दुकानात जाताना घरी भरलेली एक सीडी सोबत न्यावी. कंपनीची सीडी सगळीच यंत्रं वाचतात. घरी भरलेल्या सीडीत खाचांच्या जागी रंगाचा थर असतो आणि काही जुने डीव्हीडी प्लेअर तिथं अडतात. ती सीडी शेवटच्या गाण्यापर्यंत वाजवून बघावी, कारण कडेला आलेली सीडी थरथरायला लागली की यंत्राचा दम कळतो. कप्पा आत-बाहेर करताना अडत असेल तर घाबरू नये, बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो आणि तो बदलता येतो. लेसर मात्र थकला असेल तर ते यंत्र सोडून द्यावं.

संगणक जवळ असेल तर यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह याहून कामाचा. तो आकडे नुसते वाचत नाही, उतरवूनही ठेवतो. वाजवायला डीव्हीडी प्लेअर आणि उतरवायला ड्राइव्ह, हे दोन्ही मिळून एका बऱ्या साडीच्या खर्चात बसतं.

सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल फिरवून नाही. आडवा ओरखडा यंत्राला झेपतो, वाटेच्या दिशेनं गेलेला झेपत नाही. घरी भरलेल्या सीडीवर ऊन पडू देऊ नये. तिचा रंग उन्हानं उडतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आमच्या डब्यातल्या ११ सीडी उतरवायला बसले. ८ सरळ निघाल्या. त्यात आमच्या थोरल्या आत्याबाईंचं घाण्याचं गाणं निघालं, मधेच त्या कुणाला तरी ‘दिव्यात तेल घाल ग’ म्हणतात तेही तसंच. ऐकताना जाऊबाई उठून बाहेर गेल्या. त्यांच्या लग्नातली हळद होती ती. २ सीडी अडखळत निघाल्या, दोन-तीन गाणी तुटली. ११ वी, ‘पाळणा’ लिहिलेली, ड्राइव्हलाही वाचता आली नाही आणि प्लेअरलाही.

ती मी टाकलेली नाही. एका भिंगाला जे दिसत नाही ते कधी कधी दुसऱ्याला दिसतं, म्हणून मिळेल त्या यंत्रात ती घालून बघते. आतापर्यंत चार झाली. शहापुरातल्या एका ओळखीच्या घरी १९९० च्या सुमाराचा सीडी प्लेअर अजून चालू आहे म्हणतात. पर्युषण झालं की जाईन, पाळणा पिशवीत घालून.