गाडी विकली, नाव राहिलं

शुक्रवारची हुतात्मा पकडून रात्री दहाच्या सुमारास सोलापूरला पोचायचं, घरी जाऊन आधी जेवायचं आणि मग गप्पा, हा माझा ठरलेला कार्यक्रम. मागच्या वर्षी एका शुक्रवारी मात्र ताटाच्या आधी अण्णांनी माझ्यासमोर एक लिफाफा ठेवला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस. एमएच-१३ नंबरच्या मारुती ८०० ने एका मोटरसायकलवाल्याला उडवलं, त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला, तरी भरपाई मिळावी वगैरे. सामनेवाले क्रमांक एक ड्रायव्हर. सामनेवाले क्रमांक दोन आमचे अण्णा, निवृत्त शिक्षक, वय वर्षे ६६.

ती गाडी अण्णांनी २०१६ मध्येच विकली होती!

मला तो दिवस नीट आठवतो. मी इंजिनियरिंगच्या सुट्टीत घरी आलो होतो. घेणारे ओळखीतले दुकानदार. रोख पैसे मोजले, आईने चहा केला, त्यांनी पेढे आणले होते. फॉर्म २९ आणि ३० वर अण्णांनी सह्या केल्या. तारखेची जागा कोरी, घेणाऱ्याच्या नावाची जागाही कोरी. "काय काळजी करू नका सर, आठ दिवसात नावावर करून घेतो की," असं म्हणून ते गाडी घेऊन गेले. वहीच्या पानावर 'गाडी ताब्यात मिळाली' एवढं लिहून त्यांनी सही मात्र केली होती. ते आठ दिवस अजून संपायचे आहेत.

"गाडी माझी नाहीच, तर मला का बोलावतायत?" अण्णांचा प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला बसलो आणि थेट शंभर वर्षं मागे गेलो.

मोटारीवर नंबर लावायची कल्पना सरकारला सुचली ती मालकाच्या प्रेमापोटी नाही. पॅरिसमध्ये १८९३ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९०३ च्या कायद्याने नंबरपाट्या आल्या, त्या धडक देऊन पळणारा ओळखता यावा म्हणून. म्हणजे नोंदणी हा मुळात जबाबदार माणूस शोधायचा कागद, मालकीचा दाखला नव्हे. ब्रिटनमध्ये आजही वाहनाच्या नोंदणीपत्रावर हा मालकीचा पुरावा नाही असं स्पष्ट छापलेलं असतं. ज्याचं नाव त्यावर असतं तो 'कीपर', म्हणजे गाडी सांभाळणारा. अमेरिकेत उलट: तिथे मालकीचा 'टायटल' नावाचा कागद वेगळा आणि नोंदणी वेगळी. गाडी विकताना टायटलवर सही करून तोच कागद समोरच्याच्या हातात द्यायचा.

आपल्याकडे १९१४ च्या कायद्याने देशभर नोंदणी आली, पण कागद एकच. आरसी बुक. बँक, पोलीस, विमावाला, सगळे त्यालाच मालकीचा पुरावा समजतात.

आता यातली खरी गोम. कायद्याच्या दृष्टीने मोटार ही जंगम वस्तू. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणे पैसे दिले, वस्तू ताब्यात दिली, दोघांच्या मनात विक्रीच होती, की मालकी गेली. आरटीओत जाणं हे त्यानंतरचं काम. म्हणजे २०१६ मध्ये पेढे खाऊन झाले तेव्हा अण्णांची मालकी संपली होती, आणि ते म्हणत होते ते अगदीच चूक नव्हतं.

१९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या काळात हा मुद्दा कोर्टात मांडायला जागा होती. त्या कायद्यातली 'मालक' शब्दाची व्याख्या वाचून मी चाट पडलो. त्यात दोनच प्रसंग सांगितलेले. गाडी ज्याच्या ताब्यात आहे तो अज्ञान असेल तर त्याचा पालक मालक, आणि गाडी भाडेखरेदीवर असेल तर ती ज्याच्या ताब्यात आहे तो मालक. बाकीच्यांचा मालक कोण? व्याख्येत काही नाही. (आमच्या टीममध्ये असा कोड कुणी लिहिला तर रिव्ह्यूत लगेच परत येईल.) त्यामुळे प्रत्येक भांडणात पावत्या आणि साक्षीदार गोळा करून खरा मालक ठरवायला वाव होता.

आणि तोवर तो जखमी माणूस कुठे? आपण आपल्या बाजूने बघतो म्हणून हे विसरतो. सुरुवातीला त्याला साध्या दिवाणी कोर्टात जावं लागे. १ जुलै १९४६ पासून तिसऱ्या माणसासाठीचा विमा सक्तीचा झाला. १९५६ च्या दुरुस्तीने अपघातांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची सोय झाली. पण 'गाडी माझी नव्हेच' म्हणायची वाट मोकळी होती, आणि ती बुजवायला १९८८ साल उजाडलं.

१ जुलै १९८९ ला लागू झालेल्या १९८८ च्या कायद्यात व्याख्या बदलली. कलम २, पोटकलम ३०: ज्याच्या नावावर वाहन नोंदलेलं आहे तो मालक. अज्ञान आणि कर्जावरच्या गाडीचे अपवाद राहिले, पण मुख्य नियम आता कागदावरचं नाव. पैसे कुणी दिले, चावी कुणाकडे आहे, पेढे कुणी आणले, हे गैरलागू. त्याच कायद्याचं कलम ५० सांगतं की विकणाऱ्याने, गाडी राज्यातल्या राज्यात जात असेल तर, १४ दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. कळवलं नाही तर? २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत या कलमातला दंड जास्तीत जास्त शंभर रुपये होता. शंभर रुपयांना कोण भितो! आणि आमच्या सोलापूरच्या गाड्या कधी विजापूरला तर कधी कलबुर्गीला जाऊन पोचतात. तिथे नावावर करायचं तर इकडून ना हरकत प्रमाणपत्र हवं, तिकडचा कर भरायला हवा. त्यापेक्षा कोऱ्या सह्यांचे फॉर्मच गाडीबरोबर हातोहात फिरतात.

हे सगळं शेवटी सर्वोच्च न्यायालयात ठोक ठरलं ते ६ फेब्रुवारी २०१८ ला. २००९ मधला अपघात, उलटी घेतलेली गाडी, एक मृत्यू. नोंदणीवर ज्याचं नाव तो म्हणाला मी २००७ मध्येच विकली. ज्याला विकली त्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि तिसरा म्हणतो मी चौथ्याला. उच्च न्यायालयाने रक्कम तिसऱ्याच्या गळ्यात घातली होती. सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने (निकाल न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेला) ती फिरवून पहिल्यावर, म्हणजे नोंदणीवरच्या नावावर ठेवली. कारण सरळ आहे. विक्रीच्या साखळीतली एकेक कडी शोधत फिरायचं ओझं जखमी माणसावर टाकता येणार नाही.

मला हा निकाल पटला. अण्णांना वाचून दाखवला तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्या पोराचं काय वय आहे रे?" नोटिशीत होतं. चोवीस.

विमा चालू असता तर एवढं लागलं नसतं. कलम १५७ प्रमाणे तिसऱ्या माणसापुरता विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप जातो. (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जात नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगून ठेवलंय. सेकंडहँड घेणाऱ्यांनो, लक्षात ठेवा.) पण अपघाताच्या तीन महिने आधीच आमच्या, म्हणजे त्यांच्या, म्हणजे कायद्याने आमच्याच मारुतीचा विमा संपला होता.

१ एप्रिल २०२३ पासून केंद्राने नवे नियम आणले. अधिकृत जुन्या गाडीच्या डीलरकडे गाडी दिली आणि त्याची सूचना पोर्टलवर गेली, की मधल्या काळात डीलरच मालक मानला जातो. चांगली सोय आहे. ओळखीच्या दुकानदाराला चहा पाजून गाडी देणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

तर असो. ते दुकानदार आता म्हणतात, "सर, मीपण विकली की, तीन वर्षं झाली." कुणाला, ते नीट सांगत नाहीत. आमच्या वकीलसाहेबांनी ते वहीचं पान जपून ठेवायला सांगितलंय. जखमी मुलापुढे त्याचा उपयोग नाही, पण भरावी लागलेली रक्कम दुकानदारांकडून मागायला होईल. अण्णांनी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांच्या पेन्शनच्या फाईलमध्ये ठेवलंय. या जानेवारीत त्यांनी स्कूटर विकली, ती घेणाऱ्याला सोबत बसवून, आधार ओटीपी टाकून, नाव बदलल्याचा मेसेज मोबाईलवर आल्यावरच चावी दिली. आई म्हणाली, आता पेढे नकोत.

पुढची तारीख बुधवारची आहे. रजा टाकली आहे.